मास्तरांच्या घरातली चूल

आमच्या प्रभागसंघातल्या गटांमध्ये कॉलेजच्या नाहीतर हॉस्टेलच्या कामाला जाणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. कुणी मेसमध्ये चपात्या लाटते, कुणी झाडलोट करते, कुणाची लेक एमए आणि सेट होऊन तासिका तत्त्वावर शिकवायला जाते. गटाच्या मिटिंगला या तिघींचा प्रश्न एकच असतो, "ताई, आमचा पीएफ भरला जातो का, आणि तो बघायचा कुठं?" उत्तर सांगूच. पण त्याआधी जरा मागं जाऊया. शिकवणाऱ्या माणसाला पगार, विमा, पेन्शन, रजा या गोष्टी आभाळातून पडलेल्या नाहीत, आणि त्या मिळायच्या आधी त्यांची किंमत कुणाच्या तरी घरातल्या चुलीनं मोजलेली आहे.

गोपाळ गणेश आगरकर आपल्याला शाळेच्या पुस्तकात भेटतात. सुधारक म्हणून भेटतात, पण ते नोकरी करणारे मास्तरही होते. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचे ते 1892 पासून प्राचार्य होते. दम्यानं बेजार होते. 17 जून 1895 ला ते गेले, तेव्हा वय अजून चाळीसही नव्हतं. असं सांगतात, की त्यांच्या उशाशी एक पुडी निघाली आणि त्या पुडीत आपल्या क्रियाकर्माच्या खर्चासाठी बाजूला ठेवलेले थोडे रुपये होते. कॉलेजचा प्राचार्य आणि मरणाचे पैसे पुडीत! मागं यशोदाबाई आणि लेकरं. आम्ही ही गोष्ट गटात सांगितली, तेव्हा "किती थोर माणूस" असं म्हणणाऱ्या थोड्या होत्या. "मग त्या बाईनं पुढं काय केलं?" असं विचारणाऱ्या जास्त होत्या. आम्हाला दुसरा प्रश्न जास्त आवडला.

हे असं का झालं, हे समजायला त्या मंडळींचा नियम बघा. टिळक, आगरकर, चिपळूणकर यांनी 1880 साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं. 1884 ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली आणि पुढच्या वर्षी फर्ग्युसन कॉलेज. सरकारी नोकरीत जास्त पैसा मिळाला असता, तो सोडून ही शिकलेली पोरं थोडक्या पगारावर आली. त्यांना आजीव सदस्य म्हणत. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या काळात हा करार असा होता, की वीस वर्षं शिकवायचं आणि महिना 75 रुपये घ्यायचे. पण सुरुवातीपासूनच एका गोष्टीवर खटके उडत होते. टिळकांचं म्हणणं, सगळ्यांना सारखंच, आणि आपलं सगळं बळ संस्थेलाच, बाहेरची कामं नकोत. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, खर्च वाढलाय, कुणाचं घर मोठं असतं, कुणावर कर्ज असतं, एवढ्यात भागत नाही. पगारवाढीचा प्रश्न निघाला की भांडण. शेवटी गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं, बाहेरचं काम घेतलं म्हणून वाद टोकाला गेला, आणि 1890 च्या डिसेंबरात टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. एवढी मोठी माणसं. वादात विचारांचा भाग होताच, पण खाली रुतलेला काटा घरखर्चाचा होता.

आता आपल्या गटाकडं बघा. आपण काय करतो? बचत सगळ्यांची सारखी. सरपंचाच्या सुनेची तेवढीच, आणि रोजानं खुरपायला जाणारीचीही तेवढीच. पण कर्ज मात्र गरजेप्रमाणं. जिच्या घरी दवाखाना लागलाय तिचा नंबर आधी, शेळी घेणारी थांबते. त्या विद्वानांना दहा वर्षांत जो तोडगा सापडला नाही तो आपल्या बायकांनी सतरंजीवर बसून काढला, असं आम्ही म्हटलं तर कुणी रागावू नये. अर्थात आपल्याला कॉलेज चालवायचं नव्हतं, हेही खरं.

फर्ग्युसनमध्येच गणित शिकवायला 1891 साली धोंडो केशव कर्वे आले. अण्णा कर्वे. तेही याच करारातले आजीव सदस्य. बायको वारल्यावर त्यांनी 1893 ला एका विधवेशी लग्न केलं. ती गोदूबाई, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली विद्यार्थिनी. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या आणि सगळे त्यांना बाया म्हणू लागले. कोकणात मुरूडला गावानं या दोघांना वाळीत टाकलं. पुढं अण्णांनी 1896 साली विधवांसाठी आश्रमाची संस्था काढली. पुण्यात प्लेग आला, म्हणून 1900 मध्ये आश्रम गावाबाहेर हिंगण्याला एका झोपडीत गेला. दिवसभर कॉलेजात शिकवायचं आणि संध्याकाळी चिखल तुडवत हिंगण्याला चालत जायचं, असं अण्णांचं चाललं होतं. याच हिंगण्यात 1916 साली महिला विद्यापीठ सुरू झालं. बायकांसाठी आपल्या देशातलं पहिलं विद्यापीठ! पुढं 1920 मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी 15 लाख रुपये देऊ केले आणि त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला लागलं. तेच आजचं एसएनडीटी.

अण्णांचे पुतळे आहेत, त्यांना 1958 ला भारतरत्न मिळालं, ते रास्तच आहे. पण बायांनीही आपली हकीकत लिहून ठेवलीय, 'माझे पुराण' नावानं. मिळालं तर गटात वाचा. नवरा जगाच्या कामाला लागला, की घरातल्या बाईला पैशाची ओढाताण कशी करावी लागते, हे त्यात काही झाकून न ठेवता लिहिलंय. संस्थेला सेवक मिळाला, पण त्या सेवकाच्या घराला संस्थेनं काय दिलं, हा प्रश्न बायांच्या लिहिण्यातून उठतो. असा प्रश्न विचारणाऱ्या बाईला लोक स्वार्थी म्हणतात. आम्हाला त्या हिशेबी वाटतात, आणि हिशेबी असणं आमच्या कामात दूषण नाही.

बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. लहान वयात लग्न, विसाव्या वर्षी वैधव्य, पदरात एक मुलगा. त्या आश्रमात आल्या, शिकल्या, मग तिथंच आयुष्यभर कामाला राहिल्या. अण्णांनी 1908 मध्ये निष्काम कर्ममठ काढला. पोटापुरतं घेऊन जन्मभर संस्थेचं काम करायचं, अशी शपथ तिथले सेवक घेत. पार्वतीबाईंनी ती घेतली होती. इंग्रजी जेमतेम येत असताना त्या 1918 साली अमेरिकेला गेल्या. तिथं लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या आणि आश्रमासाठी मदत गोळा केली. जी बाई आज हॉस्टेलची भांडी घासते तिनं हे लक्षात ठेवावं, की हिंगण्याच्या सगळ्यात मोठ्या कार्यकर्तीनं परदेशात हेच काम केलं होतं. संस्थेला पैसा कमी पडला की हिंगण्याची माणसं दिवाळीला भाऊबीज मागत दारोदार जात. बहिणीला ओवाळणी घालतो तशी आश्रमातल्या बहिणींना थोडी घाला, असं सांगत. पावतीपुस्तक आणि थोडीथोडी रक्कम. आपल्याला ओळखीचं वाटतं ना?

आता साताऱ्याकडं या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 ला साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग सुरू केलं. तिथं लक्ष्मीबाई त्या मुलांच्या आई झाल्या. धान्य संपलं तेव्हा एकेक दागिना गेला आणि शेवटी मंगळसूत्रही गेलं. 1930 मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. मुलगा शिकून साहेब झाला, तेव्हा त्या मंगळसूत्राची परतफेड कुणी कुणाला केली? एक बरं झालं, की रयतच्या सेवकांनी पुढं आपली सहकारी बँक उभी केली आणि लक्ष्मीबाईंच्या नावाची पतपेढीही निघाली. दागिना मोडायची पाळी दुसऱ्या घरावर येऊ नये, तर पगारातून दरमहा थोडं कापून एकत्र ठेवायचं, आणि अडचणीला त्यातून उचलायचं. आज जवळपास प्रत्येक मोठ्या कॉलेजात, विद्यापीठात सेवकांची पतसंस्था असते. तिचं आणि आपल्या गटाचं गोत्र एकच.

सरकारी कायद्यांची वाट वेगळी आणि फार हळू. बाळंतपणाच्या रजेचं घ्या. मुंबई इलाख्यात गिरणी-कारखान्यातल्या बायकांसाठी 1929 ला कायदा झाला. त्याच्या आदल्या वर्षी कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या विधेयकाच्या बाजूनं भाषण केलं होतं. सगळ्या देशासाठी कायदा आला 1961 मध्ये, तेव्हा 12 आठवडे. 2017 साली ते पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवडे झाले, आणि 50 किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघर हवं असं ठरलं. आपल्या बायकांसाठी सगळ्यात कामाचा निकाल मात्र 2000 सालचा आहे. दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या बायकांनी सुप्रीम कोर्टात केस लढली आणि कायम नसलेल्या बाईलाही बाळंतपणाचा लाभ मिळाला पाहिजे, हे कोर्टानं मान्य केलं. आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असलं की हक्क लागतो. त्या रस्ते खोदणाऱ्या बायका होत्या, कुणी प्राध्यापक नव्हत्या.

ग्रॅच्युइटीची तर गंमतच झाली. कायदा 1972 चा. पण 'कर्मचारी' या शब्दाची व्याख्या अशी होती, की शाळेतला शिपाई त्यात बसे आणि शिकवणारा मास्तर बसत नसे. 2004 ला सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं. मग 2009 मध्ये संसदेनं व्याख्या बदलली, 1997 पासून मागं लागू केली, आणि 2022 ला कोर्टानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. एका शब्दासाठी एवढी वर्षं. म्हणून आम्ही मिटिंगमध्ये सारखं म्हणतो, की ठरावात काय शब्द लिहिलाय ते वाचल्याशिवाय अंगठा किंवा सही करू नका.

जे मिळालं तेही कायमचं राहत नाही. राज्यात 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. 2023 च्या मार्चमध्ये त्यासाठी आठवडाभर संप झाला, तेव्हा शाळा-कॉलेजंही बंद होती. आपल्यातल्या काहीजणी तेव्हा म्हणाल्या, "यांना एवढा पगार, अजून काय पाहिजे?" म्हणणं समजतं. पण त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारी आपली लेक असते. घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, सुट्टीचे नाहीत, आणि पुढच्या वर्षी बोलावतील का हे माहीत नसतं. तिच्या वर्गाबाहेर फरशी पुसणारी बाई ठेकेदाराकडची. आम्हाला वाटतं, फर्ग्युसनच्या त्या जुन्या मास्तरांपेक्षा या दोघींचं जिणं अवघड आहे. त्यांनी गरिबी निवडली होती, निदान वीस वर्षांची खात्री तरी होती.

तर आता पीएफ. कायदा 1952 चा, आणि 1982 पासून शिक्षणसंस्थांनाही तो लागू आहे. 20 किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं तो लागतो. पगाराचे 12 टक्के तुमचे कापतात, तेवढेच मालकानं भरायचे असतात, आणि मालकाच्या वाट्यातला मोठा भाग पेन्शनमध्ये जातो. तुम्ही ठेकेदाराकडून लागला असाल आणि ठेकेदारानं भरलं नाही, तर ज्या संस्थेत तुम्ही काम करता तिची जबाबदारी येते. हे पक्कं ध्यानात ठेवा, कारण "तुम्ही आमच्या नाहीत, ठेकेदाराच्या" हे उत्तर सगळ्यात आधी मिळतं.

याच पीएफला जोडून विमा असतो, त्याचा वेगळा पैसा तुमच्याकडून कापत नाहीत. कामावर असताना माणूस गेलं तर वारसाला जास्तीत जास्त 7 लाखांपर्यंत रक्कम मिळते. महिन्याला थोडी पेन्शनही असते, कमीत कमी 1000 रुपये. फार नाही. पण वारसाची नोंदच केलेली नसेल, तर तीही मिळवायला हेलपाटे घालावे लागतात. नवऱ्याच्या पीएफला तुमचं नाव आहे का, हे आज रात्रीच विचारा, आणि तुमच्या पीएफला कुणाचं आहे तेही बघा.

प्रत्येकीचा बारा आकडी यूएएन नंबर असतो, तो पगाराच्या पावतीवर असायला हवा. पावती मिळत नसेल तर मागा, एकटीनं नको, चौघीपाचजणी मिळून. नंबर मिळाला की मोबाईलवरच्या उमंग ॲपमध्ये पासबुक दिसतं आणि कोणत्या महिन्याचं भरलं, कोणत्या महिन्याचं नाही, हे कळतं. पुढच्या मासिक मिटिंगला येताना आधार कार्ड, बँक पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाईल बरोबर आणा. आमच्या सीआरपी ताई प्रत्येकीचं पासबुक उघडून देतील, आणि ज्यांचे महिने रिकामे निघतील त्यांची यादी आपण ग्रामसंघाच्या रजिस्टरला लिहून घेऊ.