चार्ल्स लँबच्या घरची बैठक

सप्टेंबर १७९६मध्ये लंडनला मेरी लँबने वेडाच्या झटक्यात आईला भोसकलं. तिला सांभाळायची हमी धाकट्या भावाने, चार्ल्सने घेतली. वय २१, ईस्ट इंडिया कंपनीत कारकुनी. झटके पुढेही येत राहिले. लोकांच्या कुजबुजीपायी बिऱ्हाड हलवावं लागलं.

तरी चार्ल्सचे मित्र तुटले नाहीत. आठवड्यातली एक संध्याकाळ ठरलेली: त्याच्याच घरी पत्ते, खाणंपिणं, गप्पा. हॅझलिट यायचा, कोलरिज यायचा. मेरी आत लपून नसायची, बैठकीतच असायची. १८०७ साली भावंडांनी मिळून शेक्सपियरच्या गोष्टी मुलांसाठी छापल्या.

तुमचाही एखादा मित्र घरच्या आजारपणामुळे कट्ट्यावर येत नसेल. त्याला ‘कधी भेटतोस?’ विचारू नका. ‘येऊ का?’ विचारा.