विजेची शिदोरी

प्रवासास निघणाऱ्यानें शिदोरी बरोबर घ्यावी ही आपली जुनी रीत आहे. आज युरोप-अमेरिकेंत चाकांवरचें घर घेऊन महिनोन्‌महिने हिंडणारीं कुटुंबें आहेत. त्यांना भाकरीबरोबर विजेचीही शिदोरी बांधावी लागते. गाडींत दिवे, पंखा, फ्रिज सारें असतें. परंतु रात्रीं रानांत मुक्काम पडला म्हणजे विजेची तार कोठूनच येत नाहीं. मग हा संसार चालतो कशावर? आणि पुष्कळदां तो मध्यरात्रींच कां थांबतो? उत्तरासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

इ. स. १८५९ मध्यें गास्तों प्लांते ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें शिशाचे दोन पत्रे, एकमेकांस न चिकटतील असे गुंडाळून, सौम्य गंधकाम्लांत बुडविले. त्यांत प्रवाह सोडला असतां वीज सांठे व मागाहून परत मिळे. पुढें कामिय फोर ह्यानें पत्र्यांवर शिशाच्या तांबड्या भस्माचा, म्हणजे आपल्या परिचयाच्या शेंदराचा, लेप दिला. त्यामुळें सांठा पुष्कळ वाढला. १८८१ च्या मे महिन्यांत फोरच्या घटांची एक भरलेली पेटी पॅरिसहून ग्लासगोस सर विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढील लॉर्ड केल्व्हिन, ह्यांजकडे पोंचली. तींत दहा लक्ष फूट-पौंड शक्ति होती. पेटींत भरलेली वीज! लोकांचें कुतूहल अनावर झालें.

पण हिशेब पाहा. दहा लक्ष फूट-पौंड म्हणजे आजच्या एका युनिटाचा सुमारें तीन-अष्टमांश भाग. तितकी उष्णता जेमतेम चार तोळे कोळशांत सांपडते! पेटीचा गुण मुबलकतेचा नव्हता, सोयीचा होता. हा भेद जो विसरला तो फसला; पुढचा सारा इतिहास ह्याच भेदाची आठवण करून देतो.

त्याच वर्षीं ऑक्टोबरांत लंडन-ब्रायटन मार्गावरील ‘बीट्रिस’ ह्या पुलमन डब्यांत फोरच्या घटांवर विजेचे दिवे लागले. फिरत्या घरांतील विजेची ही आरंभीची कहाणी होय. परंतु घट रिते झाले कीं पुन्हां भरावे लागत. म्हणून त्या शतकाच्या अखेरीस डब्याच्या आंसावर डायनामो बसविण्याची युक्ति निघाली: गाडी धांवे तोंवर घट भरत, थांबली कीं तेच दिवे तेवत ठेवीत. गाडी मंदावली असतां वीज घटांतून उलट डायनामोंत वाहून जाऊं नये म्हणून आपोआप तुटणारी कळही योजावी लागली. कमाईइतकीच राखणही महत्त्वाची, हा त्यांतील धडा.

१९१२ मध्यें चार्ल्स केटरिंगच्या विद्युत्-आरंभकानें कॅडिलॅक मोटारींतील हाताचा दांडा घालविला. मात्र एंजिन सुरू करणारी बॅटरी निराळी व घर चालविणारी निराळी. पहिलीचे पत्रे पातळ. ती क्षणभर प्रचंड प्रवाह देते. दुसरीचे जाड, ती रात्रभर थोडें थोडें देते. पहिलीवर संसार मांडला तर ती लवकरच निकामी होते. दुसरीही तळापर्यंत उपसूं नये; रिती राहिल्यास पत्र्यांवर जमलेला क्षार घट्ट होऊन बसतो. म्हणून शिशाच्या बॅटरींतून निम्म्याहून अधिक न काढण्याचा प्रघात आहे. शिवाय घाईनें काढलेली वीज एकंदरीनें कमी मिळते, हा नियम पॉयकर्ट ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८९७ मध्यें मांडला.

बॅटरी एकाच दिशेचा प्रवाह देते. घरगुती उपकरणांस बहुधा उलटसुलट वाहणारा लागतो. हें रूपांतर पूर्वी फिरत्या यंत्रांनीं होई. १९२५ मध्यें डेव्हिड प्रिन्स ह्या अमेरिकन अभियंत्यानें ‘इन्व्हर्टर’ ह्याच मथळ्याचा लेख लिहिला. १९५७ नंतर सिलिकॉनच्या नव्या कळांमुळें तें उपकरण आटोपशीर झालें. पण इन्व्हर्टर हा दुभाषी आहे, दाता नव्हे. आणि दुभाषीही आपली दलाली घेतोच.

बारा व्होल्टांची, शंभर अँपिअर-तासांची बॅटरी घ्या. तींत बाराशें वॉट-तास, निम्मे सहाशें, दलाली वजा जातां हातीं सुमारें साडेपांचशें. चाळीस वॉटांचा पंखा त्यावर तेरा तास चालेल. हजार वॉटांची किटली मात्र नव्वदाहून अधिक अँपिअर खेंचील आणि कागदावरचा अर्धा तासही पुरता पदरांत पडूं देणार नाहीं. संध्याकाळीं हौसेनें चहा व शेगडी झाली, आणि फ्रिजमध्यें कोणा वडीलधाऱ्याचें इन्शुलिन असलें, तर पहांटेचा पश्चात्ताप केवळ अंधाराचा नसतो.

१९९७ मध्यें गुडइनफ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं लोह-फॉस्फेटाच्या लिथियम घटाचें संशोधन प्रसिद्ध केलें. ह्या घटांतून सांठ्याचा बहुतेक भाग वापरतां येतो. छपरावरच्या सौर पट्ट्या दिवसा भरणाही करतात. पेटी मोठी झाली, हलकी झाली. तरी तींत घातल्यावांचून कांहीं निघत नाहीं.

भारनियमनाच्या काळांत आपल्या घरांतील इन्व्हर्टरनेंही हेंच शिकविलें: दिवा-पंखा चालेल, इस्त्री नको. शिदोरी सोडण्यापूर्वीं पुढचा मुक्काम किती दूर आहे हें पाहावें, हें आपल्या आज्यांना ठाऊक होतें. विजेच्या शिदोरीचाही नियम तोच.