जुन्या वेगवान गाडीची ‘रास्त किंमत’ : किमतीला पुरावा म्हणून कसं वाचायचं?

मागच्या महिन्यात मामेभाऊ कोथरूडहून फोन करून म्हणाला, “ताई, तू किमतींवरच पीएचडी करतेयस ना? मग सांग, 2016 ची अबार्थ पुंटो आहे, एकतीस हजार किलोमीटर चाललीय. किती द्यायचे?”

मला उत्तर देता आलं नाही. दोन वर्षं मी पुण्यातल्या जुन्या वाहनांच्या छोट्या जाहिराती जमवतेय, पण एका गाडीचा रास्त भाव सांगता येईना! ही फजिती थोडी सविस्तर सांगते. संशोधनात किंमत हा पुरावा म्हणून वापरणाऱ्या प्रत्येकाला ती कधी ना कधी गाठतेच.

‘रास्त’ कोण ठरवायचं?

एकेकाळी हे सरकार ठरवायचं. उद्योग (विकास व नियमन) कायदा, 1951 यात वस्तू ‘रास्त किमतीत’ मिळाव्यात यासाठी सरकारला नियंत्रणाचा अधिकार आहे. त्याच अधिकारात 1969 मध्ये मोटारींच्या विक्री-किमती बांधून दिल्या गेल्या. तेव्हा मोटारी बनवणारे मुख्य कारखाने तीन: कलकत्त्याजवळ हिंदुस्थान मोटर्स, मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर आणि मद्रासला स्टँडर्ड. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1971 मध्ये निकाल लागला. वाद असा होता की खर्चात काय धरायचं, आणि भांडवलावर किती परतावा ‘वाजवी’ म्हणायचा.

म्हणजे इथे रास्त किंमत = उत्पादनखर्च + वाजवी नफा. हिशेब सरळ आहे. पण तो नव्या गाडीचा, कारखान्याच्या दारातला. गाडी दाराबाहेर पडली की काय व्हायचं?

त्यासाठी आपलं आकुर्डी बघा. बजाजच्या स्कूटरसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबत. मागणी प्रचंड, आणि उत्पादन वाढवायचं तर सरकारी परवाना हवा. परिणाम? लगेच मिळणारी वापरलेली स्कूटर नव्या स्कूटरच्या अधिकृत किमतीपेक्षा महाग विकली जायची. वरच्या रकमेला लोक ‘ऑन’ म्हणायचे. घरातल्या कुणालाही विचारा, चेतकच्या नंबराची एखादी गोष्ट निघेलच.

आता हा ‘ऑन’ म्हणजे लूट की रास्त भाव? कायद्याच्या नजरेतून बघितलं तर काळा बाजार. पण ज्याला उद्यापासून पिंपरीला कामावर जायचंय, त्याच्यासाठी ती वाचलेल्या वर्षांची किंमत होती. वस्तू तीच, आकडे दोन, आणि दोन्ही आपापल्या जागी खरे. किमतीत लोखंडाइतकाच काळ आणि नियमही मोजलेला असतो, हे माझ्या पहिल्या प्रकरणाचं सार आहे.

आजचा पेच वेगळा

आता नंबर लावावा लागत नाही. आजच्या जुन्या गाडीत टंचाई असते ती माहितीची. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांचा 1970 चा प्रसिद्ध निबंध नेमका यावर आहे. अमेरिकेत खोट निघालेल्या गाडीला बोलीभाषेत ‘लिंबू’ म्हणतात. गाडी लिंबू आहे की नाही हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा भीतीपोटी सरासरी भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, आणि बाजारात लिंबंच उरायला लागतात. (हा निबंध आधी तीन नियतकालिकांनी परत पाठवला होता. पुढे 2001 मध्ये त्याच कामासाठी त्यांना नोबेल मिळालं. पेपर नाकारला गेलाय त्यांनी हे लक्षात ठेवावं.)

वेगवान गाडीत हे अंतर आणखी वाढतं. साध्या गाडीत किलोमीटरवरून झीज साधारण कळते. पण 145 अश्वशक्तीची, टर्बो इंजिनची अबार्थ पुंटो कुणी निवांत चालवली की रोज रात्री एक्स्प्रेस-वेवर पिदडली, हे मीटर सांगत नाही. इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली असेल तर तेही आरसी बुकात दिसत नाही.

या गाड्या पुण्याच्या परिसरातल्याच. अबार्थ पुंटो रांजणगावला बनली. ऑक्टोबर 2015 मध्ये आली तेव्हा दिल्लीतली शोरूम-किंमत 9.95 लाख होती. फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय चाकणची. तिच्यात संशोधकासाठी एक सापळा आहे. 2013 पासून तिला 1.2 लिटरचं इंजिन आणि दुहेरी क्लचचा सात गिअरांचा डीएसजी होता. 2020 मध्ये बीएस-6 आल्यावर 1.0 लिटरचं इंजिन आणि वेगळ्या जातीचा सहा गिअरांचा ऑटोमॅटिक आला. मागे बिल्ला तोच, आत गाडी दुसरी. दुरुस्तीची भीती वेगळी, म्हणून भावही वेगळा. मी सुरुवातीला दोन्ही एकाच रकान्यात भरल्या होत्या!

माझी चूक

पण त्याहून मोठी चूक पुढे आहे. जाहिरातींतल्या आकड्यांवरून मी एक सुरेख आलेख काढला आणि गाइडना दाखवला. सरांनी बघितला आणि एवढंच म्हणाले, “या किमती नाहीत, या इच्छा आहेत.”

खरंच होतं. जुन्या गाडीला किमान तीन किमती असतात. एक सांगायची, जी जाहिरातीत येते. दुसरी ठरलेली, जी घासाघीस होऊन हातात पडते. तिसरी कागदावरची. विम्याची आयडीव्ही घ्या: कंपनीच्या किमतीतून वयानुसार ठरलेली घट वजा करायची. दोन ते तीन वर्षांच्या गाडीला 30 टक्के, चार ते पाच वर्षांच्या गाडीला 50 टक्के. म्हणजे 9.95 लाखांची गाडी पाचव्या वर्षात सुमारे 4.98 लाखांची. गाडी जपलीय की ठोकलीय, याचा त्या तक्त्याशी संबंध नाही. पाच वर्षांनंतर तर आकडा विमा कंपनी आणि मालक आपसात ठरवतात.

शिवाय जाहिरातींचा संच मुळातच एका बाजूला झुकलेला असतो. उत्तम गाडी मित्रमंडळींतच विकली जाते, तिची जाहिरात येतच नाही. जास्त भाव सांगितलेली गाडी मात्र आठवड्यामागून आठवडे दिसत राहते आणि माझ्या तक्त्यात चार वेळा मोजली जाते. तो आलेख मी काढून टाकला. आता मी एकाच गाडीची जाहिरात दर आठवड्याला कशी उतरत जाते ते टिपते. एका आकड्यापेक्षा ती उतरण जास्त बोलते.

टायरवरचे चार आकडे

शेवटी मी भावाबरोबर गाडी बघायला गेले. राजवाड्यांच्या पुण्यात कागद हातात न घेता मत देणं बरं नव्हे! टायरच्या कडेला चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. या गाडीच्या चारही टायरांवर 4819, म्हणजे 2019 चा अठ्ठेचाळिसावा आठवडा. एकतीस हजार चाललेल्या गाडीचे टायर इतक्या लवकर का बदलले? शक्यता तीन: मीटर मागे केलाय, गाडी बेफाम चालवलीय, किंवा हौसेनं मोठे टायर टाकलेत.

एकाच खुणेवरून निष्कर्ष काढायचा नसतो. सर्व्हिसची बिलं क्रमानं लावली. प्रत्येक बिलावर किलोमीटर होते आणि ते मीटरशी जुळत होते. पहिली शक्यता गेली. टायरचं माप कंपनीच्या मापाहून मोठं निघालं, आणि विचारल्यावर मालकांनी इंजिनचं सॉफ्टवेअर बदलल्याचंही सांगितलं. तिसरी शक्यता पक्की झाली. दुसरी मात्र पूर्ण गेली नाही.

आता रास्त भाव किती? हौशी माणसाला तो बदल हवाच असतो. भावाला रोज ऑफिसला जायचं होतं, त्याच्यासाठी ती जोखीम होती. त्यात फियाटचा भारतातला कारभार थांबलेला, म्हणजे सुट्या भागांसाठी शोधाशोध आली. आम्ही एक आकडा न काढता एक पट्टा काढला: टायमिंग बेल्टचं काम झाल्याचं बिल मिळालं तर वरचं टोक, नाही मिळालं तर खालचं. बिल मिळालं नाही. भावानं खालचं टोक सांगितलं, मालक हसून “नाही जमणार” म्हणाले. आठवड्यानं ती गाडी दुसऱ्या कुणाला तरी विकली गेली.

किती रुपयांना, ते आम्हाला कळलं नाही. माझ्या वहीत त्या गाडीची सांगितलेली किंमत आहे, नाकारलेली किंमत आहे, आणि ठरलेल्या किमतीचा रकाना रिकामा आहे. तो अंदाजानं भरायचा मोह होतो. भरत नाही. त्या रिकाम्या रकान्यातून निदान एवढं समजतं की खरी किंमत या दोन आकड्यांच्या आसपास कुठेतरी असावी.

तुमच्या विषयात गाडी नसेल. जमीन असेल, धान्य असेल, मजुरी असेल. पुढचा तक्ता भरण्याआधी प्रत्येक आकड्यासमोर एवढं लिहून बघा: हा कुणी सांगितला, कुणाला सांगितला, आणि या भावात खरंच व्यवहार झाला का? माझे निम्मे आकडे तिसऱ्या प्रश्नावरच गळाले.