महाराष्ट्र शिक्षक पात्रता परीक्षा

महाराष्ट्र शिक्षक पात्रता परीक्षा (प्रचलित नाव: टीईटी) ही इयत्ता १ली ते ८वीच्या शिक्षकांची किमान पात्रता तपासणारी परीक्षा आहे. ती पुण्यातील महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते.

पार्श्वभूमी
शिक्षण हक्क कायदा, २००९ अन्वये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० रोजी ही पात्रता बंधनकारक केली. महाराष्ट्रातील पहिली परीक्षा डिसेंबर २०१३ मध्ये झाली.

स्वरूप
पहिला पेपर १ली ते ५वीसाठी, तर दुसरा ६वी ते ८वीसाठी असतो. प्रत्येक पेपर १५० गुणांचा व बहुपर्यायी असून उत्तीर्णतेसाठी ६० टक्के, राखीव प्रवर्गांस ५५ टक्के गुण लागतात. प्रत्यक्ष वर्गातील अध्यापनाचे मूल्यमापन यात होत नाही.

गैरप्रकार
जानेवारी २०२० मधील परीक्षेतील गैरप्रकारांप्रकरणी परिषदेने ऑगस्ट २०२२ मध्ये ७,८७४ उमेदवारांवर कारवाई केली.

सेवेतील शिक्षक
१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही अट सेवेतील शिक्षकांनाही लागू केली. निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्यांनी दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावे, अन्यथा त्यांना सेवा सोडावी लागेल. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना सूट असली, तरी उत्तीर्ण झाल्याशिवाय पदोन्नती मिळणार नाही. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवण्यात आला. करकंबसारख्या (जि. सोलापूर) गावांतील जिल्हा परिषद शाळांवरही या निर्णयाचा परिणाम होतो, तत्कालीन नियमांनुसार डी.एड. करून नियुक्त झालेल्या अनुभवी शिक्षकांची नोकरी आता या परीक्षेवर अवलंबून आहे.