अपूर्ण लेखन (फाइलप्रणाली)

अपूर्ण लेखन : फाइलप्रणालीला लिहायला सांगितलेल्या माहितीपैकी काही भागच लिहिला जाणे. पॉझिक्स मानकानुसार ‘राइट’ ही आज्ञा प्रत्यक्ष लिहिलेल्या बाइटींची संख्या परत करते. 512 बाइट लिहायचे आणि जागा 20 बाइटींचीच उरली असेल, तर उत्तर 20 येते. जागा संपल्याची त्रुटी पुढच्या राइटलाच कळते. परत आलेला आकडा न तपासणारे प्रोग्रॅम आजही सर्रास आढळतात. फाइलप्रणालीचे काम अधिक नाजूक : डिस्कवरील नव्या ब्लॉकचा न भरलेला भाग शून्यांनी पुसला नाही, तर तिथली जुनी, कदाचित परक्याची माहिती उघडी पडते.

अपूर्ण लेखनाचा फटका कुठे बसू शकतो, याचे एक उदाहरण म्हणजे आधार. आधारची नोंदणी इंटरनेट नसतानाही लॅपटॉपवर होई आणि कूटबद्ध फाइल मागाहून केंद्राकडे जाई. अशा फाइलीचे शेपूट गळाले, तर उरलेल्या भागावर भरवसा ठेवता येत नाही.

वीज मध्येच गेली, तर किती बाइट लिहिले गेले हे सांगायलाही कोणी उरत नाही. त्यावर उपाय जर्नलचा, म्हणजे बदलांची नोंद आधीच करून ठेवण्याचा. किंवा तात्पुरत्या फाइलीत लिहून, ‘एफसिंक’ (माहिती डिस्कवर पोहोचवण्याची आज्ञा) यशस्वी झाल्यावरच तिला मूळ फाइलीचे नाव देण्याचा. मात्र एकदा फसलेला एफसिंक पुन्हा केल्यास लिनक्स खोटे यश कळवू शकते, हे पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस-प्रणालीच्या विकासकांना 2018 मध्ये उमगले.