मुंबईच्या जलमार्गावर बुडालेल्या आगबोटी

सागरी युद्धाचे जुने नियम पाणबुडीच्या आधीचे होते. शत्रूचे व्यापारी जहाज गाठले, तर लढाऊ जहाजाने ते आधी थांबवायचे, कागदपत्रे व माल तपासायचा, आणि बुडवणे भागच पडले तर उतारूंना व खलाशांना सुरक्षित जागी पोचवून मगच बुडवायचे. क्रूझरला हे जमत असे. पाणबुडीत मात्र चार जादा माणसे ठेवायचीही मारामार, आणि पाण्यावर आलेल्या पाणबुडीचे कवच एखाद्या लहान तोफेच्या गोळ्यानेही फुटू शकते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी व्यापारी जहाजांच्या मागच्या टोकाला तोफा बसवल्या, तेव्हा पाणबुडीच्या कप्तानांना इशारा न देण्यासाठी आयतेच कारण मिळाले. अशा तोफेने जहाज लढाऊ ठरते का, यावर वकिलांचा खल चालू राहिला आणि जहाजे बुडत राहिली.

विलायतेहून मुंबईला येणारी पी. अँड ओ. कंपनीची ‘पर्शिया’ हे त्यातले एक मोठे प्रकरण. १९०० साली बांधलेल्या या सुमारे आठ हजार टनी आगबोटीवरही तोफ होती. ३० डिसेंबर १९१५ रोजी भूमध्य समुद्रात, क्रीटच्या दक्षिणेला, उतारू दुपारच्या जेवणाला बसले असताना जर्मन पाणबुडी यू-३८ ने सोडलेला पाणतीर तिला लागला. इशारा दिला गेला नव्हता. पाठोपाठ बॉयलरचा स्फोट झाला, बोट डाव्या अंगावर कलली आणि पाच-दहा मिनिटांत तळाला गेली. इतक्या कमी वेळात होड्या सोडायच्या म्हणजे आधी कलणाऱ्या डेकवर नीट उभे राहता आले पाहिजे, तेच कोणाला जमेना. ५१९ जणांपैकी ३४३ दगावले. एडनला रुजू व्हायला निघालेला अमेरिकेचा वाणिज्यदूतही त्यांत होता. अमेरिका तेव्हा युद्धात नसल्यामुळे त्याच्या मृत्यूने वॉशिंग्टनमध्ये मोठा गदारोळ उठला.

हिंदुस्थान सरकारचे मोटार वाहतुकीचे सल्लागार म्हणून निघालेले लॉर्ड माँटेग्यू तीस तासांहून अधिक काळ होडीत तग धरून वाचले. घरी परतले, तोवर लंडनच्या वृत्तपत्रांनी त्यांचे मृत्युलेख छापून टाकले होते. त्यांच्या सचिव एलिनॉर थॉर्न्टन मात्र बुडाल्या. रोल्स-रॉइसच्या मोटारीवरची पंखवाली मूर्ती त्यांच्यावरून घडवली, असे सांगितले जाते. कपूरथळ्याचे महाराजा जगतजितसिंग मार्सेलिसलाच उतरले होते, पण त्यांचे जडजवाहीर बोटीवर राहिले, अशीही कथा आहे. २००३ मध्ये सुमारे तीन हजार मीटर खोलीवरून या बोटीतली काही रत्ने वर काढण्यात आली.

दुसऱ्या महायुद्धात हाच धोका अरबी समुद्रात येऊन ठेपला. मलायातील पिनांगचे बंदर जपान्यांच्या हाती गेल्यावर तिथून निघणाऱ्या पाणबुड्या थेट एडनच्या आखातापर्यंत पोचू लागल्या. मुंबई आणि आफ्रिका यांच्यामधली आगबोटींची ये-जा मात्र थांबण्यासारखी नव्हती. ब्रिटिश इंडिया कंपनीची दहा हजार टनांची ‘तिलावा’ २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून मोंबासा, मापुटो आणि दर्बानकडे निघाली. सोबतीला संरक्षक जहाज नव्हते. बोटीवर ९५८ माणसे होती: ७३२ उतारू, २२२ खलाशी-अधिकारी आणि ४ तोफची. उतारूंत आफ्रिकेत व्यापार-उदीम करणाऱ्या गुजराती घरांतली माणसे बरीच होती, बायका-मुलेही होती. तळाशी साठ टन चांदी होती, ती दक्षिण आफ्रिकेने नाणी पाडण्यासाठी घेतली होती.

२३ तारखेच्या पहाटे, सेशेल्सच्या ईशान्येला सुमारे दीड हजार किलोमीटरवर, जपानी पाणबुडी आय-२९ चा पहिला पाणतीर लागला. झोपेतून उठलेल्या माणसांनी होड्यांकडे धाव घेतली. घाईगर्दीत काही होड्या नीट उतरल्याच नाहीत, काही उलटल्या. बोट मात्र लगेच बुडाली नाही. धक्का ओसरल्यावर माणसे पुन्हा तिच्यावर चढू लागली, आणि काही वेळाने दुसरा पाणतीर आला. वायरलेसवरून मदतीचे संदेश शेवटपर्यंत जात होते. दोन दिवसांनी क्रूझर ‘बर्मिंगहॅम’ने ६७४ जणांना होड्यांतून आणि तराफ्यांवरून उचलले, आणखी चौघे ‘कार्थेज’ या जहाजाला सापडले. २८० जण परत आले नाहीत. वाचलेल्यांना घेऊन बर्मिंगहॅम २७ नोव्हेंबरला मुंबईला पोचली.

संरक्षक जहाजे असती तर हे टळले असते, असे म्हणावे, तर ‘खेदिव इस्माईल’चा दाखला आड येतो. १२ फेब्रुवारी १९४४ रोजी मालदीवजवळ ताफ्यातून चाललेली ही बोट आय-२७ ने दोन मिनिटांच्या आत बुडवली. सुमारे पंधराशेंपैकी १,२९७ माणसे गेली, त्यांत पूर्व आफ्रिकेचे सैनिक होते आणि परिचारिकाही. पाणबुडी नेमकी पोहणाऱ्या माणसांच्या खालीच दडली होती. ब्रिटिश विनाशिकांनी तरीही तिथे पाणसुरुंग टाकले आणि शेवटी तिला बुडवले.

तिलावाला बुडवणाऱ्या आय-२९ चे पुढचे वर्ष विलक्षण गेले. एप्रिल १९४३ च्या अखेरीस मादागास्करजवळच्या खवळलेल्या समुद्रात जर्मन यू-१८० मधून सुभाषचंद्र बोस आणि अबिद हसन याच पाणबुडीत चढले आणि सुमात्राजवळच्या साबांगला उतरले. भारतीय उतारूंनी भरलेली बोट बुडवून जेमतेम पाच महिने झाले होते. जुलै १९४४ मध्ये लुझॉनच्या सामुद्रधुनीत अमेरिकेच्या ‘सॉफिश’ या पाणबुडीने तिला जलसमाधी दिली.

चांदीचे प्रकरण त्यानंतर सत्तरहून अधिक वर्षांनी उघडले. अर्जेंटम एक्सप्लोरेशन या कंपनीने २०१७ मध्ये अडीच किलोमीटर खोलीवरून २,३६४ लाद्या काढून साउदम्प्टनला आणल्या आणि बचावाचा मोबदला मागितला. दक्षिण आफ्रिकेने सार्वभौम राष्ट्राचे संरक्षण पुढे केले. व्यापारी वापरातल्या मालाला ते मिळत नसल्याने मुद्दा असा होता की १९४२ मध्ये बोटीच्या तळाशी पडून असलेली चांदी ‘व्यापारी वापरात’ होती का. तोफ असलेल्या पर्शियाबद्दलही भांडण थोडेफार याच जातीचे होते. तिथे बोटीचा प्रश्न होता, इथे मालाचा. खालच्या दोन्ही न्यायालयांनी कंपनीचा पक्ष घेतला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ मे २०२४ रोजी तो निर्णय फिरवला: बोट व्यापारी असली, तरी नुसती वाहून नेली जाणारी चांदी त्याने व्यापारी वापरात येत नाही. निकाल लागण्याआधीच दोन्ही पक्षांत तडजोड झाली होती, पण तत्त्वाचा प्रश्न म्हणून न्यायालयाने तो दिलाच.