ड्रायरचे तीन छिद्रांचे जुने सॉकेट : नियमबाह्य नव्हे, तरीही दखलपात्र

अमेरिकेत जुने घर विकत घेताना व्यवहार पूर्ण होण्यापूर्वी खरेदीदार बहुधा गृहनिरीक्षकाकडून त्याची तपासणी करून घेतो. या तपासणीत अनेकदा आढळणारी बाब म्हणजे कपडे वाळविण्याच्या विद्युत यंत्राचे, अर्थात ड्रायरचे, तीन छिद्रांचे सॉकेट. ते सहसा नियमबाह्य नसते. मात्र आजच्या सुरक्षा निकषांच्या तुलनेत उणे ठरते. हा भेद अहवालात नेमकेपणाने मांडणे निरीक्षकाकडून अपेक्षित असते.

तेथील ड्रायरचा हीटर २४० व्होल्टवर, तर मोटर सामान्यतः १२० व्होल्टवर चालते. त्यासाठी दोन लाइव्ह तारा आणि एक न्यूट्रल तार लागते. ३० अँपिअरच्या जुन्या सॉकेटमध्ये एवढ्याच जोडण्या असतात. भारतातील तीन पिनांच्या प्लगमध्ये जाड पिन अर्थिंगची असते. या जुन्या ड्रायर सॉकेटमध्ये मात्र अर्थिंगची स्वतंत्र जोडणी नसतेच. ड्रायरचा धातूचा सांगाडा एका पट्टीने न्यूट्रललाच जोडलेला असतो. तेथे घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनी हा फरक ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

धोका न्यूट्रलवरील या दुहेरी भारात आहे. न्यूट्रल तार तुटली किंवा तिची जोडणी सैल झाली, तर मोटरमार्गे १२० व्होल्टचा दाब सांगाड्यावर येऊ शकतो. अशा वेळी ड्रायर आणि शेजारचे अर्थिंग असलेले धुलाई यंत्र यांना एकाच वेळी स्पर्श झाल्यास प्राणघातक धक्का बसू शकतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेच्या १९९६ च्या आवृत्तीने नव्या ड्रायर जोडण्यांसाठी चार तारांची, म्हणजे स्वतंत्र अर्थिंगची पद्धत बंधनकारक केली. पूर्वीच्या जोडण्यांना ठरावीक अटींवर मुभा राहिली. न्यूट्रल तार पुरेशा जाडीची आणि आवरणयुक्त असावी लागते. विशिष्ट प्रकारच्या केबलमधील उघडी न्यूट्रल चालते, पण ती केबल थेट मुख्य विद्युतपेटीतून आलेली असावी लागते. उपपेटीतून आलेली चालत नाही.

गृहनिरीक्षक हा संहितेची अंमलबजावणी करणारा सरकारी अधिकारी नव्हे. त्याची तपासणी प्रामुख्याने दृश्य स्वरूपाची असते. ड्रायर उघडणे किंवा जड उपकरणे हलविणे तिच्या कक्षेत सहसा येत नाही. म्हणून तो सॉकेटचा प्रकार, जळाल्याच्या खुणा व सैलपणा नोंदवतो, विद्युतपेटीतील दिसणारी जोडणी पाहतो आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून पुढील तपासणीची शिफारस करतो.

जुन्या सॉकेटपेक्षाही फसवी असते ती वरवरची सुधारणा. काही घरांत तारा जुन्याच ठेवून केवळ चार छिद्रांचे सॉकेट बसविलेले असते. बाहेरून ते आधुनिक दिसते. अर्थिंग मात्र नसते किंवा सॉकेटमध्येच न्यूट्रलला जोडलेले असते.

खात्रीचा उपाय म्हणजे अर्थिंगसह चार तारांची नवी केबल टाकणे. त्यानंतर ड्रायरला चार पिनांची वायर लावताना सांगाडा व न्यूट्रल यांना जोडणारी पट्टी काढावीच लागते; अन्यथा न्यूट्रलमधील प्रवाहाचा काही भाग अर्थिंगच्या तारेतून वाहत राहतो. याउलट, सुस्थितीतील जुन्या जोडणीवर तीन पिनांची वायर वापरायची असल्यास ती पट्टी जागेवर असणे अनिवार्य आहे.